इंग्रजी शब्दांची गल्लत आणि लाल शाई

मराठी शाळांतील विद्यार्थ्यांचे इंग्रजी कच्चे असते, ही तक्रार इतकी जुनी झाली आहे की तिच्या मुळाशी जाण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. 2000 साली राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यानंतर शाळेत गेलेली मुले आज नोकरीधंद्याला लागली, तरी त्यांच्या अर्जांत आणि उत्तरपत्रिकांत त्याच त्या शब्दांची गल्लत आढळते. शिकण्याची वर्षे वाढली. चुका मात्र जागच्या हलल्या नाहीत. यावरून मुले आळशी अथवा मंद आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी ते न्याय्य नव्हे. असंख्य मुले वर्षानुवर्षे एकच चूक एकाच रीतीने करीत असतील, तर त्या चुकीला काही कारण असलेच पाहिजे.

पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये लिहिलेल्या निबंधात या संदर्भात एक महत्त्वाचा भेद केला होता. अनवधानाने घडलेली चूक निराळी आणि शिकणाऱ्याने मनाशी बांधलेल्या चुकीच्या नियमातून निघालेली चूक निराळी. पहिली नजरेस आणून दिली की विद्यार्थी स्वतःच सुधारतो. दुसरी त्याला चूक वाटतच नाही. आपल्याकडील वह्यांत या दोहोंभोवती सारखेच लाल वर्तुळ पडते, आणि विद्यार्थी मुकाट्याने तो शब्द दहा वेळा लिहून आणतो.

एक उदाहरण विस्ताराने पाहावयास हवे. 'संधी गमावू नये' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिताना मुले गमावण्याच्या क्रियापदात हटकून दोन 'ओ' घालतात. दोन 'ओ'चा शब्द म्हणजे सैल; त्याच्या अखेरीस स्वच्छ 'स' ऐकू येतो. एका 'ओ'चा शब्द म्हणजे गमावणे. त्याच्या अखेरीस 'झ'सारखा घोष ध्वनी असतो. इंग्रजाच्या कानाला हे दोन शब्द निराळेच लागतात. मराठीने मात्र यातला पहिला शब्द केव्हाच आपलासा करून त्याला 'लूज' हे रूप दिले आहे. स्क्रू लूज होतो, सदरा लूज बसतो, वाण्याकडे तेल लूज मिळते. पोट बिघडले तर त्यालाही हाच शब्द आपण लावतो. मूल इंग्रजीच्या तासाला बसण्यापूर्वीच हा उच्चार त्याच्या कानात पक्का झालेला असतो. पुढे दुसरा शब्द आला की त्याला तो पहिलाच वाटतो. जसे ऐकावे तसे लिहावे, ही शिस्त देवनागरीने त्याच्या हाताला लावलेली. ती पाळल्याबद्दलच त्याचा गुण कापला जातो!

'ॲडव्हाइस'ची कथा हीच. सल्ला या नामात 'सी' आणि सल्ला देणे या क्रियापदात 'एस', हा नियम फळ्यावर लिहिला जातो. पण दोन्ही शब्द उच्चारताना गुरुजी स्वतः अखेरीस 'स'च म्हणतात. क्रियापदाच्या शेवटचा 'झ' त्यांनी वर्गात नीट उच्चारला, तर निम्मा गोंधळ तेथेच मिटेल. पश्चिम दिशा आणि आतून घालावयाचा बनियन या दोन शब्दांतील 'व'चा घोळही कानाचाच. छपाईत 'व्ह' लिहून आपण तो भेद दाखवतो, बोलण्यात मात्र तो फारसा पाळत नाही.

दुसरा वर्ग याहून अवघड, कारण तेथे कान कितीही तयार असला तरी उपयोग नाही. मुख्याध्यापक आणि तत्त्व या दोन्ही अर्थांचे 'प्रिन्सिपल' इंग्रजालाही सारखेच ऐकू येते. लेखनसाहित्याची 'स्टेशनरी' आणि एका जागी स्थिर असलेली 'स्टेशनरी' यांतही एका स्वराक्षराचाच फरक. कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर कागद-पेन्सिलींऐवजी स्थिर वस्तू विकावयास ठेवलेल्या दिसतात. येथे शब्दाचे कूळ सांगण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते मोठे मनोरंजक आहे. मध्ययुगात गावोगाव हिंडून माल विकणाऱ्या फेरीवाल्यांहून वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा ग्रंथविक्रेता तो 'स्टेशनर'. म्हणजे हे दोन्ही शब्द मुळात भावंडेच. बेकरची जशी बेकरी तशी स्टेशनरची स्टेशनरी, आणि म्हणून दोहोंत 'ई'. हे दोन मिनिटांत सांगता येते आणि सहसा विसरले जात नाही. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दात न ऐकू येणारा 'बी' आहे, तो लॅटिन मूळ दाखविण्यासाठी पंडितांनी मागाहून घुसडला. ज्यांची ती मातृभाषा त्यांच्याही मुलांना त्याचा जाच होतोच.

मराठी मुलाला ही कल्पना अगदीच परकी नाही. 1962 च्या लेखननियमांप्रमाणे तो 'कवी' दीर्घ लिहितो आणि 'कविसंमेलन' लिहिताना तीच वेलांटी ऱ्हस्व करतो. लेखन केवळ उच्चारावर चालत नाही, ते मूळ रूपाकडेही पाहते, हे त्याने स्वभाषेत पचविलेले असते. इंग्रजीचा शिक्षक या पुंजीचा उपयोग करून घेत नाही, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

रोजनिशी आणि दुग्धालय, शांत आणि बराचसा, अशा जोड्यांत अक्षरांची केवळ अदलाबदल होते. तो बहुधा नजरेचा दोष. लिहिलेले पुन्हा एकदा वाचावयास लावले की पुष्कळदा काम भागते.

कोणती चूक किती गंभीर, याबाबत तर शाळांत भलताच विपर्यास आहे. 'सेपरेट'च्या मधल्या 'ए'च्या जागी 'ई' लिहिली म्हणून वाचणाऱ्याची काडीमात्र फसगत होत नाही. पण ती चूक सर्वांच्या डोळ्यांत भरते आणि लिहिणाऱ्याच्या संस्कारांविषयीच शंका घेतली जाते. उलट मृत व्यक्तीविषयीच्या अर्जात दोन अक्षरांच्या घोटाळ्याने 'रोगट' असा अर्थ होणारा शब्द पडला, तर शब्द म्हणून तो निर्दोष असल्यामुळे नजरेतून सुटू शकतो. संगणक आणि मोबाइल यांवरील शुद्धलेखन तपासनिसाने ही तफावत वाढविली आहे. जी चूक निरुपद्रवी, ती हे यंत्र तत्काळ पकडते. जी अर्थाचा अनर्थ करते, ती ते अनेकदा जाऊ देते. प्रसंगी ते स्वतःच अनर्थ करते. 'निश्चितपणे' या अर्थाचा इंग्रजी शब्द थोडा चुकला की त्याच्या जागी 'उद्दामपणे' असा अर्थ असणारा, दिसावयास जवळचा शब्द ते सुचविते, आणि घाईत असलेला उमेदवार आपण मुलाखतीस उद्दामपणे हजर राहू असे कळवून मोकळा होतो.

मग लाल शाईने साधते तरी काय? 1996 मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी परभाषेतील लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणे निष्फळ, किंबहुना घातक असल्याचे मत मांडले. डेना फेरिस यांनी 1999 मध्ये त्यास उत्तर देताना नियमात बसणाऱ्या, म्हणून उपचार करता येणाऱ्या चुका आणि तशा न बसणाऱ्या चुका वेगळ्या काढल्या. हा वाद व्याकरणाचा असला तरी फेरिस यांचा विवेक शब्दांच्या बाबतीतही घेण्याजोगा आहे. वर्गात साठ वह्या, प्रत्येक वहीत वीस चुका. इतक्या सगळ्यांना वर्तुळे घालणाऱ्या शिक्षकाजवळ एकाही चुकीचे कारण सांगण्यास वेळ उरत नाही. त्यापेक्षा अर्थ बदलणाऱ्या चुकाच तेवढ्या टिपाव्यात. त्यांपैकी दोन-तीन जोड्या आठवड्याला वर्गापुढे घेऊन कानाने, मुळाने आणि वाक्यात योजून समजावाव्यात. बाकीच्या काही काळ तशाच राहू द्याव्यात.

यात खरी अडचण मुलांची नाही, पालकांची आहे. वहीत लाल खुणा कमी दिसल्या की मास्तरांनी वही पाहिलीच नाही असा बोभाटा होतो, आणि तपासणीस आलेला अधिकारीही बहुधा खुणाच मोजतो. म्हणून कोणत्या चुका दाखविल्या जातील आणि कोणत्या मुद्दाम सोडल्या जातील, हे मुख्याध्यापकांनी जूनमधील पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगावे आणि तसे लेखी शिक्षकाच्या हाती द्यावे.