झेंडूचे बी कोणाच्या गाठोड्यात?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात फुलांचे काय काम, असे काही जण विचारतील. विचारायलाच हवे. पण मी फुलांच्या शोभेबद्दल लिहीत नाही. मी बियाण्याबद्दल लिहितो आहे, आणि बियाण्याच्या बाबतीत कपाशीवाल्याइतके पोळलेले दुसरे कोणी नाही.

या उन्हाळ्यात तालुक्याच्या एका शिबिरात जाऊन बसलो. विषय होता 'कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी फुलशेती'. दोन तास भाषणे झाली. हरितगृह, शेडनेट, ठिबक, अनुदान, प्रकल्प अहवाल, बँकेचे कर्ज. कोरडवाहू हा शब्द फक्त मागच्या फलकावर होता. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने उठून विचारले, "साहेब, माह्या धुऱ्यावरचा गलांडा बिनपाण्याचा फुलते. त्याचं बी ठेवू का नको?" साहेब हसले. म्हणाले, "बाई, त्याला बाजारात कोण विचारतो? चांगल्या कंपनीचे बी घ्या." सभागृहही हसले.

मला हसू आले नाही, कारण वीस वर्षांपूर्वी हेच उत्तर मी दिले असते. दिलेही आहे. कृषी पदवी घेऊन नोकरीला लागलो तेव्हा कपाशीभोवती झेंडूची एक ओळ लावा, अमेरिकन बोंडअळीचा पतंग त्यावर अंडी घालतो, असे मी गावोगाव सांगत फिरलो. सल्ला बरोबरच होता. पण बी कोणते, असे कोणी विचारले की मी पाकीट पुढे करीत असे. घरच्या झेंडूला 'गावठी' म्हणून नाक मुरडायचे, हे आम्हाला कोणी वेगळे शिकवले नव्हते. चार वर्षांच्या शिक्षणात ते आपोआप अंगात मुरत होते.

गावठी म्हणजे तरी काय? झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांबरोबर तो इकडे आला असे मानतात. गलांडा, म्हणजे पुस्तकातला गॅलार्डिया, तोही अमेरिकेचा. अ‍ॅस्टर चीनचा. रक्ताने यातला एकही देशी नाही, म्हणून देशीपणाची पोथी मी वाचणार नाही. ही फुले आपली झाली ती आपल्या घरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या चांगल्या झाडाचे बी बाजूला ठेवले म्हणून. तुमच्या मुरमाड वावराला आणि ओढ दिलेल्या पावसाला सोसेल असे झाड त्यातून टिकले. विद्यापीठात हेच काम केले की त्याला संशोधन म्हणतात, त्याला पगार असतो. आजीने केले की गावठी.

संकर वाणाशी माझे वैर नाही. १९७० साली सुरतेहून एच-४ हा कपाशीचा संकर वाण आला, त्याने उत्पादन वाढवले. २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली, आणि ती हवी म्हणून शेतकरीच पुढे होते. ज्याला जे तंत्रज्ञान परवडते ते त्याने घ्यावे, त्यात सरकारनेही आडवे येऊ नये. पण एक फरक ध्यानात घ्या. कपाशीत आज सरकीचे घरचे बी पेरणारा शोधावा लागतो. रब्बी ज्वारीत मात्र मालदांडी अजून कणगीत आहे. म्हणून ज्वारीच्या बियाण्याचा दुकानदार तुमच्याशी जरा नमून बोलतो आणि कपाशीचा दुकानदार लिंकिंगमध्ये नको ते खत गळ्यात मारतो. घरात बी असलेल्या माणसाला नाही म्हणता येते, इतकीच ही गोष्ट आहे. फुलांमध्ये आपण कपाशीच्या वाटेने निघालो आहोत. १९८८ च्या बियाणे धोरणाने फुलांच्या बियाण्याची आयात मोकळी केली. दार उघडले हे चांगले झाले, पण बाहेरचे बी आत आले म्हणून घरचे उकिरड्यावर टाका असे त्या धोरणात कुठे लिहिले होते?

आता हिशेब. दहा गुंठ्यांत दोन फूट बाय दीड फुटावर झेंडूची सुमारे पावणेचार हजार रोपे बसतात. रोपवाटिकेचे रोप तीन रुपयांना धरले, तर सव्वाअकरा हजार रुपये फूल दिसण्याआधीच गेले. घरच्या बियाण्याचे गणित असे : एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया, मर आणि तूट धरून वीस ग्रॅम बी पुरे. पन्नास-साठ नीट वाळलेल्या फुलांत ते मिळते.

घरच्या बियाण्याने भाव वाढत नाही, हे कबूल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजारात पोचलेला झेंडू मी स्वतः दाराबाहेर ओतून आलो आहे. गाडीभाडे अंगावर आले, पट्टी उलटी झाली. पण नेमके इथेच घरचे बी कामाला येते. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक, त्यात पावसाचा भरवसा नाही. रोपे विकत घेणारा एकाच तारखेवर सगळे पैसे लावतो. बी घरचे असले तर पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वाफे टाकता येतात. एक दसऱ्याला सापडला नाही तर दुसरा दिवाळीला सापडतो. आणि जो कुठेच सापडला नाही तो झाडावर वाळू द्यावा, त्याचे बी होते.

मात्र दारावरच्या तोरणातली सुकी फुले परसात चुरगाळून टाकली म्हणजे बी राखले, असे नव्हे. ते तोरण बहुधा संकर वाणाचे असते, पुढच्या वर्षी त्यातून चिवडा निघतो. झेंडूच्या भरगच्च फुलात परागकण फार थोडे असतात, कारण बाहेरच्या पाकळ्यांच्या फुलांत ते नसतातच. पराग एकेरी फुलाच्या मधल्या चकतीत भरपूर. मधमाशी तो उचलते आणि तुमच्या चांगल्या झाडावर आणते. म्हणून एकेरी फुलाचे झाड दिसले की त्याच दिवशी उपटायचे, दया करायची नाही. सरळवाणाचे बी असावे. दिल्लीच्या संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे झेंडूचे सरळवाण आहेत, सुरुवात तिथूनही करता येते. चांगल्या झाडांना पहिल्या बहरातच चिंधी बांधा आणि त्यांची फुले तोडू नका. सगळा माल विकून उरलेसुरले बियाण्याला ठेवायचे, ही आपली जुनी खोड. फुलाचा मागचा हिरवा भाग तपकिरी झाला की खुडा, सावलीत वाळवा. अ‍ॅस्टरचे बी मात्र पुढच्याच हंगामात पेरून टाका, ते फार दिवस जीव धरत नाही.

आणि बाजारात कोण विचारतो म्हणता? ज्वारीत निंदताना आपण जो कुरडू उपटून फेकतो, त्याच्याच जातकुळीतला कोंबडा शहरात गुच्छात बांधून विकतात. हल्ली शहरातली काही भली माणसे 'वारसा बियाणे' म्हणून चिमूटभर बी कागदी पुडीत घालून विकतात. विकोत, धंदा वाईट नाही. पण वारसा कोणाचा आणि पैसे कोणाला? ते बी त्यांना आपणच ओंजळीने फुकट दिलेले असते, वर चहा पाजून.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही, एवढी मर्यादा. हा हक्क वापरायचा की तो कायद्याच्या पुस्तकातच वाळवायचा?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरच्या झेंडूचे, गलांड्याचे, कोंबड्याचे मूठभर बी आणा. पुडीवर गाव, जमीन कशी आणि बी कोणत्या महिन्यात धरले ते लिहा. मायबहिणींना सोबत आणा, कारण कोणत्या झाडाचे हे त्यांनाच ठाऊक असते. शिबिरातल्या त्या आजीला मी निरोप दिला आहे. तिच्या गलांड्याची पुडी पहिली मांडू, आणि तिची किंमत तीच सांगेल.