सुटीतली लढाई

हत्ती-घोडे मैदानात आणून इतिहास उभा करणारे ‘जाणता राजा’ १९८५ पासून गाजत आले. सुटीत सहकुटुंब तिकीट काढून आलेल्या मध्यमवर्गास तलवारींच्या खणखणाटात आपणच लढल्याचे समाधान लाभते! हाच वर्ग ताडोब्याचे वाघ पाहून परततो. चांद्याच्या तुरुंगाकडे त्याची पावले वळत नाहीत. मार्च १८५८ मध्ये नांदगाव-घोसरीजवळ मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांसह इंग्रज फौजेस मागे रेटले. २१ ऑक्टोबरला त्याच तुरुंगाच्या आवारात त्यांना फाशी झाली. या लढाईचाही देखावा उभारता येईल; नकली तोफा कोठेही मिळतात. परंतु बाबुरावांना इंग्रजांच्या हवाली करणारी अहेरीची जमीनदारी त्यात कोण दाखविणार? आणि त्यापुढचा अंक? फौजेमागोमाग वनखाते आले, आणि ज्यांनी जंगल राखले तेच त्या जंगलात चोर ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरीही स्वतःच्याच बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि तोही केंद्रीय मंत्री जातीने गावात आले तेव्हा.