शब्दचर्चा : मुत्सद्दी

“मामा, तुम्ही मोठे मुत्सद्दी बरें!” असें आमची भाची परवां म्हणाली. त्यांत कौतुक किती नि टोमणा किती, हें तिच्या मुद्रेवरून ताडतां येईना. म्हणून आम्हीं शब्दाचीच चौकशी केली.

शब्द मूळचा अरबी. एखादें काम पुढें होऊन अंगावर घेणारा, हा त्याचा मूळ अर्थ. फारसीच्या वाटेनें तो दफ्तरांत शिरून कारकून, हिशेबनीस असा झाला. मोगल अमलांत सुरत बंदराचा बडा अधिकारीहि मुतसद्दीच म्हणविला जाई. मराठीनें मात्र त्यास लेखणीच्या बैठकीवरून उठवून राज्याच्या मसलतींत नेऊन बसविलें. नाना फडणिसांकडे पाहिलें म्हणजे ही बढती उगीच नव्हे असें वाटतें. फडणिशी हें मूळ जमाखर्चाचें काम. पण १७७४ सालीं चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हांपासून दौलतीचें ओझें वाहण्यांत नाना अग्रभागीं होते. १७८२ च्या मे महिन्यांत इंग्रजांशीं सालबाईचा तह ठरला, तरी नानांनीं कित्येक महिने त्यास मान्यता दिली नाहीं. विलंब खरा, पण त्याचा बोजा त्यांनीं स्वतःच्या शिरावर घेतला होता.

आमची मुत्सद्देगिरी निराळी. भाचीच्या वडिलांचा व चुलत्यांचा वाटणीचा तंटा आमच्यापुढें आला, तेव्हां दोघांसहि एकेकटें गांठून ‘तुमचेंच खरें’ म्हणालों आणि घरीं परतलों. (आमच्या कुटुंबानें त्यास त्याच रात्रीं दुसरा शब्द वापरला, तो कोशांत आहे, येथें देत नाहीं.) आमचें खरें मत दोघांस लिहून कळवावें म्हणून काल बसलों. पत्र अद्याप मायन्यापलीकडे गेलेलें नाहीं.