चालावे, पण कोणत्या हवेत?

साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर जे पहिले औषध सांगतात, ते औषधांच्या दुकानात मिळत नाही. 'रोज अर्धा तास चालत जा', एवढेच ते औषध. त्याला पैसे पडत नाहीत आणि रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी अशा अनेक तक्रारींवर ते लागू पडते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी ज्येष्ठ मंडळी हा सल्ला निष्ठेने पाळतात. परंतु हे औषध कोणत्या हवेत घेतले, यावर त्याचा गुण अवलंबून असतो काय? वैद्यक, वार्धक्य, व्यायाम आणि पर्यावरण ह्या चार विषयांचे अभ्यासक ह्या प्रश्नावर एकत्र आले आहेत. त्यांच्या हाती जे लागले, ते प्रत्येक वृद्धाने आणि वृद्धांची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे.

बसच्या जिन्यापासून सुरुवात

चालण्याचे महत्त्व आपण आज गृहीत धरतो, पण ते विज्ञानाच्या कसोटीवर उतरल्याला फार काळ झालेला नाही. डॉ. जेरी मॉरिस ह्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या चढत असे. दोघांची वस्ती एकच, वर्ग एकच, मालक एकच. तरीही वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा व सौम्य स्वरूपात झाला. त्यावर आक्षेपही आले. मुळातच सडपातळ माणसे वाहकाची नोकरी पत्करत असतील, असे काहींचे म्हणणे होते. मॉरिस ह्यांनी ह्या आक्षेपांचा पाठपुरावा केला आणि पुढे अनेक देशांतील संशोधनाने त्यांच्या मूळ निष्कर्षाला बळकटी दिली. स्वतः मॉरिस २००९ साली नव्याण्णव वर्षांचे होऊन निवर्तले.

हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास मात्र वेगळ्या वाटेने चालला होता. १९९३ साली अमेरिकेतील सहा शहरांतल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपानादी अन्य कारणे बाजूला काढल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत सुमारे २६ टक्क्यांनी अधिक निघाला. ह्याचा सर्वाधिक संबंध हवेतील सूक्ष्म कणांशी होता. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असलेल्या ह्या कणांना आज आपण 'पीएम २.५' म्हणून ओळखतो. ते नाकातील केसांना व घशातील कफाला चुकवून फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोहोचतात.

एक शास्त्र सांगत होते, 'बाहेर पडा, चाला'. दुसरे सांगत होते, 'बाहेरची हवा घातक आहे'. चालताना माणूस बसल्या जागेच्या तुलनेत कितीतरी अधिक हवा आत घेतो, म्हणून ह्या दोन सल्ल्यांची कधी ना कधी गाठ पडणारच होती.

एकच माणूस, दोन वाटा

ही गाठ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या सहकार्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. २०१२ ते २०१४ ह्या काळात त्यांनी साठ वर्षांवरील ११९ जणांना निवडले. त्यांतील ४० निरोगी होते, ४० जणांना दीर्घकालीन श्वसनरोग, म्हणजे डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो आजार होता, तर ३९ जणांना स्थिर स्वरूपाचा हृदयविकार होता. प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या दिवशी, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून, दोन तास चालवले. एकदा हाइड पार्कच्या झाडीत आणि एकदा तेथून जवळच असलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. दिवसा ह्या रस्त्यावर त्या काळी बसगाड्या व टॅक्सी ह्यांनाच मुभा होती आणि त्यांतील बहुतेक डिझेलवर चालत. कोणी आधी कोठे चालायचे हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले गेले.

ह्या रचनेचे मर्म असे की माणसाची तुलना त्याच्याशीच झाली. वय, आहार, सवयी, आनुवंशिकता हे सारे तेच राहिले आणि वाट तेवढी बदलली.

परिणाम २०१७ च्या डिसेंबरात जाहीर झाले. उद्यानात चालल्यानंतर फुप्फुसांची क्षमता वाढली आणि ही वाढ पुष्कळांमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. वयानुसार आपल्या रोहिण्या लवचिकता गमावतात, त्यामुळे हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. म्हणून हा ताठरपणा म्हणजे वार्धक्याचे एक मापच होय. निरोगी व श्वसनरोगी गटांत उद्यानातील फेरीनंतर तो जास्तीत जास्त २४ टक्क्यांहून अधिक उतरला, तर हृदयरुग्णांत १९ टक्क्यांहून अधिक. रहदारीच्या रस्त्यावर तेवढेच अंतर तेवढाच वेळ चालून निरोगी माणसांना ४.६ टक्के, श्वसनरोग्यांना १६ टक्के आणि हृदयरुग्णांना ८.६ टक्के एवढाच लाभ झाला. शिवाय श्वसनरोग्यांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खोकला, धाप आणि छातीतील घरघर ह्यांचा त्रास अधिक झाला.

निरोगी वृद्धांची चालण्याची बहुतेक कमाई धुराने गिळली, असा ह्याचा साध्या भाषेत अर्थ. श्रम तेवढेच झाले, घामही तेवढाच गळला, पण पदरात पडले ते फार थोडे.

जे सिद्ध झाले आणि जे झाले नाही

असे संशोधन वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत येते तेव्हा 'रस्त्यावर चालणे निरुपयोगी' एवढाच मथळा हाती राहतो. आमच्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही. ह्या अभ्यासाने दोन तासांच्या चालण्याचे अल्पकालीन परिणाम मोजले. वर्षानुवर्षे तेथे चालणाऱ्याचे काय होते, हे त्यातून कळत नाही. आपण कोठे चालत आहोत हे सहभागी व्यक्तींना अर्थातच दिसत होते. रस्त्यावरील गोंगाट आणि गर्दीचा ताण ह्यांचाही वाटा त्या फरकात असू शकतो.

उलट बाजूने पाहणारे संशोधनही आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने एक गणिती अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामाने वाचणारे प्राण आणि प्रदूषणाने जाणारे प्राण ह्यांचा ताळेबंद त्यांनी मांडला. हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी दिवसाला दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात तोट्यापेक्षा लाभच अधिक निघाला. चालण्याच्या बाबतीत ही मर्यादा दहा तासांहून पुढे होती. मात्र हा हिशेब सर्वसाधारण प्रौढांचा होता. ज्यांची फुप्फुसे वा हृदय आधीच थकलेले आहे, त्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. घरात बसून राहण्यापेक्षा चालणे बहुतेकांसाठी हितकारक आहे. पण वाईट हवेत त्या हिताला कात्री लागते, आणि ती सर्वांत जास्त बोचते ती आजारी वृद्धांना. ज्यांना व्यायामाची सर्वाधिक गरज, त्यांनाच हवेचा सर्वाधिक त्रास, अशी ही विसंगती आहे.

आपल्याकडची हवा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. भारताने २००९ साली ठरवलेले मानक ४० आहे, म्हणजे आठपट. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर ही आपली शहरे त्यात आली. ह्या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः 'पीएम १०' ह्या जाड धूलिकणांवर जोखली गेली. रस्त्यावर पाणी मारून जाड धूळ बसवता येते, पण डिझेलच्या धुरातील बारीक कण तेवढ्याने हटत नाहीत. वृद्धांच्या रोहिण्यांना इजा करतात ते हे बारीक कण. जे मोजले जात नाही ते सुधारतही नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या बिघडलेल्या हवेची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांवरील धुळीसाठी नियमावली काढली. हे आवश्यकच होते. तरीही वृद्धांनी चालावे कोठे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लाख होत्या. आज ही संख्या कितीतरी वाढली आहे. त्यांतील किती जणांच्या घराजवळ हाइड पार्क आहे? ज्याच्याकडे मोटार आहे तो बागेपर्यंत जाऊ शकतो. चाळीत वा झोपडपट्टीत राहणाऱ्या आजोबांच्या वाट्याला मुख्य रस्त्याची कडाच येते. 'चाला' हे डॉक्टरांचे सांगणे लाभदायी ठरते की नाही, हे अशा प्रकारे नगररचनेच्या कचेरीत ठरत असते.

काय करता येईल

काही गोष्टी आपल्या हातातील आहेत. वाहनांच्या धुरातील कण मुख्य रस्त्यापासून दूर गेल्यावर झपाट्याने विरळ होतात. म्हणून हमरस्ता सोडून आतील गल्ली वा वसईतल्यासारखी वाडीतील पायवाट धरावी. हिवाळ्यात पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि धूर त्यातच कोंडतो. भल्या पहाटे फिरण्याची सवय कितीही जुनी असली, तरी त्या दिवसांत ऊन वर येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या 'सफर' सेवेतून हवेचा निर्देशांक कळतो. तो २०० च्या वर असेल त्या दिवशी घरातच हालचाल करावी. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आधार धरून एका पायावर उभे राहणे, झेपत असल्यास जिना चढणे, हाही व्यायामच आहे. पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचवलेच आहे. हृदयरुग्णांनी व श्वसनरोग्यांनी औषधात खंड पडू देऊ नये आणि किती चालावे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काही गोष्टी आपण मिळून करू शकतो. आपल्या अनेक चर्चची आवारे आणि शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ तासभर रिकामी असतात. ती धर्म-जात न विचारता परिसरातील ज्येष्ठांना चालण्यासाठी उघडी करावीत. त्या आवारांत पालापाचोळा जाळण्याची सवय मात्र आधी सोडावी लागेल. त्याचे खत करता येते. ज्येष्ठ नागरिक मंडळांनी आपल्या नगरसेवकाला सलग पदपथ, पुरेशा सार्वजनिक बसगाड्या आणि मोकळी मैदाने ह्यांविषयी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.

मॉरिस ह्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी दाखवून दिले की माणसाचे काम त्याच्या हृदयावर छाप सोडते. लंडनच्याच दोन वाटांनी पुढे दाखवले की माणसाचे शहरही ती सोडते. ज्येष्ठांना 'चालत राहा' असे सांगणे सोपे आहे. त्यांना श्वास घेण्याजोगी वाट मोकळी करून देणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.