प्रयोजक आणि शक्य

लहान मुलाच्या दिवसाचे वर्णन आपण बहुधा प्रयोजक क्रियापदांनी करतो: उठवले, जेववले, निजवले. या वाक्यांत मूल असते, पण कर्ता दुसराच असतो. मराठीत याच रूपाला आणखी एक अर्थ आहे. 'आई मुलाला चालवते' यातले क्रियापद प्रयोजक. आई वगळली की उरते 'मुलाला चालवते', आणि तेच क्रियापद शक्य होते. चालण्याचे सामर्थ्य आता मुलाच्या अंगी आलेले असते. दिनचर्येचे शिक्षण म्हणजे हाच प्रवास होय.

मात्र मोठ्यांनी नुसते बाजूला होऊन भागत नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केले. त्यातून घडलेल्या पद्धतीत मुलांच्या उंचीची फडताळे, त्यांना उचलता येतील अशा खुर्च्या आणि गुंड्या लावण्याच्या सरावाच्या चौकटी आल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचा हा विचार परिसरातल्या स्वस्त साधनांनिशी खेड्यातल्या मुलांपर्यंत नेला.

पालकांनीच लिहिलेले आणि रोज पालकांनीच वाचून दाखवलेले भिंतीवरचे वेळापत्रक प्रयोजकच राहते. त्यापेक्षा दप्तर रात्री भरायचे की सकाळी, हे मुलाने ठरवावे. खुंटी त्याच्या हाताला येईल इतकी खाली घ्यावी. गुंडी चुकीच्या काजात गेली, तरी दोन मिनिटे थांबावे. घाईच्या सकाळी ही दोन मिनिटे महाग वाटतात खरी. पण ती रोज वाचवत गेलो, तर वाक्याचा कर्ता कधीच बदलत नाही.