पोहे कमी, चणे जास्त!

‘शुगर ही खात्यापित्या घरची बिमारी, राबणाऱ्या माणसाला ती कुठून होणार?’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ही समजूत अजून पक्की आहे. आकडे मात्र वेगळेच सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के. पण पूर्वमधुमेहाचे प्रमाण पाहिले तर शहर १५.४ टक्के आणि खेडे १५.२ टक्के, म्हणजे फरक जवळपास नाहीच. उद्याचा मधुमेही आज खेड्यातही तितक्याच संख्येने तयार होतो आहे.

हा उंबरठा ओलांडला जाऊ नये म्हणून घरच्या घरी काय करता येईल, याची सुरुवात सकाळच्या पहिल्या ताटापासून होते. रात्रभराच्या उपाशी पोटानंतर काय आणि किती खाल्ले, यावर पुढच्या चार तासांतील रक्तशर्करा ठरते. मधुमेह असलेल्यांमध्ये पहाटे शरीरातील काही संप्रेरके वाढलेली असल्याने इन्सुलिनचा प्रभाव सकाळी कमी पडतो. त्यामुळे तेच अन्न दुपारपेक्षा सकाळी साखर जास्त चढवते.

तांदूळ सोडायचा का?

हा सल्ला धानपट्ट्यात कुणी ऐकणार नाही आणि तो द्यायचीही गरज नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि जवळपास सगळा गडचिरोली जिल्हा धानावर जगतो. देशभर नाव झालेला ‘एचएमटी’ तांदूळ याच मातीतला. नागभीड तालुक्यातील नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी तो १९८० च्या दशकात आपल्या शेतात निवड करत विकसित केला. तांदूळ इथली ओळख आहे. अडचण येते ती ताटात तांदळाखेरीज फारसे काहीच नसते तेव्हा.

‘इंडियाब’ पाहणीतीलच आहाराच्या माहितीचे विश्लेषण २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आले. भारतीय माणूस दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो आणि त्यातील बराच भाग पांढरा तांदूळ, दळलेले गहू व साखरेचा असतो, असे त्यात दिसले. यातील थोडा वाटा, एकूण उष्मांकांच्या ५ टक्के एवढाच, डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांनी बदलला तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा घ्यावी आणि डाळी, कडधान्ये, मांस-मासळी यांतून सुमारे १५ टक्के.

तर्री-पोह्यांचे गणित

आता नाश्त्याच्या टपरीवर येऊ. चंद्रपूरच्या बसस्थानकापासून आलापल्लीच्या चौकापर्यंत सकाळचा नाश्ता म्हणजे पोहे आणि त्यावर चण्याची तर्री. प्लेटमध्ये पोह्यांचा ढीग असतो, त्यावर रस्सा आणि त्यात मोजून दहा-बारा चणे. वर शेव. सोबत दोन चमचे साखरेचा चहा.

धान भिजवून, भाजून, चेपून पोहे तयार होतात. त्यातील पिष्ट आधीच अर्धे शिजलेले असल्याने ते लवकर पचते आणि साखर वेगाने रक्तात उतरते. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ७७ ग्रॅम कर्बोदके आणि फक्त ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तेवढ्याच अख्ख्या चण्यांत प्रथिने जवळजवळ १९ ग्रॅम आणि तंतुमय भाग सुमारे २५ ग्रॅम. चण्याचे पिष्ट सावकाश सुटते, प्रथिने आणि तंतू पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. म्हणूनच चण्याने साखर हळू चढते.

म्हणजे आपल्या नाश्त्यात औषध आधीपासून आहे, फक्त त्याची मात्रा उलटी आहे. पोहे अर्धे करावे आणि चणे वाटीभर घ्यावे. कांदा भरपूर, तेलाचा तवंग आणि शेव कमी. आधी चणे-कांदा खाऊन मग पोहे खाल्ले तर आणखी बरे, कारण प्रथिने आणि तंतू आधी पोटात गेले की नंतरच्या पिष्टाची साखर कमी उसळते, असे प्रयोगांत दिसले आहे.

कडधान्याचा फायदा दुपारपर्यंत टिकतो. कोणते अन्न साखर किती वेगाने चढवते हे मोजण्याची ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही पद्धत टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवले की सकाळी मसूर खाल्लेल्यांची साखर दुपारच्या जेवणानंतरही कमी चढते. दुपारी भात ठरलेलाच असलेल्या आपल्या भागासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

घरचा नाश्ता फोडणीच्या भाताचा असेल तर त्यात उकडलेली बरबटी किंवा मूग घालावे, किंवा सोबत एक-दोन अंडी घ्यावी. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. शेतावर जाण्याआधी भातच खाण्याची रीत असेल तर भात एक वाटी आणि घट्ट वरण दोन वाट्या, किंवा मामा तलावातील मासोळ्या-झिंग्यांचा रस्सा. वरोरा-भद्रावती-राजुऱ्याकडे ज्वारीची भाकर आणि झुणका हा तर चांगलाच जोड आहे, फक्त झुणका चिमूटभर नको. डाळ वाटून केलेले वडे तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात धिरड्यासारखे लावता येतात. लाखोळीची डाळ मात्र रोजचे मुख्य अन्न करू नये. तिच्या अतिसेवनाने पायांना कायमचा लुळेपणा येऊ शकतो.

नाव आरोग्याचे, परिणाम साखरेचा

दोन गैरसमज इथे दूर करायला हवेत. पहिला भरड धान्यांबद्दल. नाचणी असो की भामरागड-एटापल्लीकडची कोसरी, ही धान्ये पौष्टिक आहेतच. पण त्यांचे बारीक पीठ करून पातळ पेज प्यायली तर ती लवकर पचते आणि साखरही लवकर चढते. वर उल्लेख केलेल्या २०२५ च्या विश्लेषणातही, कर्बोदकांचा एकूण वाटा तसाच ठेवून तांदळाऐवजी नुसते गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतल्याने धोका घटलेला दिसला नाही. धान्य बदलले तरी वाटीचा आकार आणि सोबतची डाळ यांचा प्रश्न सुटत नाही. कोसरी भातासारखी अख्खी शिजवून, वरणासोबत खाणे पेजेपेक्षा चांगले.

दुसरा गैरसमज बिस्किटांचा. ‘शुगर-फ्री’ असे छापलेल्या बिस्किटातही मैदा असतो आणि मैद्याची साखरच होते. चहात बुडवलेले टोस्ट, खारी, पाव यांचेही तेच. चहातली साखर निम्म्यावर आणणे हा कुणालाही आजपासून जमणारा बदल आहे. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण पाच चमच्यांत राहावी. आणि सकाळी नाश्त्याऐवजी खर्रा तोंडात टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तंबाखूने भूक मरते, पण मधुमेहाचा धोका वाढतो.

बारीक आहे म्हणून निर्धास्त?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीचा असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला समजावले. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मतः, कमी वजनाच्या बाळांतही दिसला. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दीर्घ कुपोषणाशी जोडलेल्या, कृश तरुणांमधील मधुमेहाला ‘टाइप ५’ अशी वेगळी ओळख दिली.

कुपोषण ज्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्या भागासाठी याचा अर्थ सरळ आहे. वजनकाटा कमी दाखवतो म्हणून साखर तपासायची नाही, असे होता कामा नये. आणि बारीक माणसाला ‘नाश्ता बंद करा’ हा सल्ला तर घातकच. त्याला कमी खायचे नाही, प्रथिने वाढवून खायचे आहे.

सिकलसेल असेल तर

नाश्त्यातील बदल उपयोगी पडतो की नाही हे तपासणीनेच कळते, आणि इथे आपल्या दोन जिल्ह्यांची एक खास अडचण आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी लाल पेशींतील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल आजारात ती साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि अहवाल खोटा चांगला येतो. नुसत्या वाहकांतही फरक पडतो. २०१७ मध्ये ‘जामा’त आलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, उपाशीपोटीची साखर सारखी असताना वाहकांचा एचबीए१सी इतरांपेक्षा सुमारे ०.३ अंकांनी कमी आढळला.

पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या कुटुंबांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात अनेकांना कार्डही मिळाले आहे. मधुमेहाची तपासणी करताना ते कार्ड डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. अशा रुग्णांसाठी उपाशीपोटीची आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी बोटातून घेतलेली साखर जास्त विश्वासाची. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. मधुमेहींची नाश्त्यानंतरची साखर साधारणपणे १८० च्या आत असावी, नेमके लक्ष्य वय व इतर आजार पाहून डॉक्टर ठरवतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी होते.

मोह-तेंदूच्या दिवसांत

मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला माणसे उजाडण्याआधीच जंगलात जातात. यातील मधुमेहींना जास्तीच्या साखरेइतकाच धोका साखर एकदम उतरण्याचा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चार तास चालले, वाकले, ओझे उचलले तर साखर ७० च्या खाली येऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोके सुन्न होते, माणूस भलतेच बोलू लागतो. वाघाचा वावर असलेल्या जंगलात असे भान हरपणे जिवावर बेतू शकते.

म्हणून गोळी घेतली की नाश्ता चुकवायचा नाही. जंगलात जायच्या दिवसांत गोळी कधी आणि किती घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे, मनाने बंद करू नये. खिशात गूळ-फुटाण्यांची पुडी असावी आणि सोबत एक माणूस. त्रास जाणवला तर तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ लगेच खावा, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावा, मग फुटाणे किंवा भाकर खावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

पिशवीत डाळ कुठे आहे?

एवढे सांगूनही एक प्रश्न उरतो, तो सरकारला विचारायचा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या आधाराने भूक मागे हटली, हे मान्यच करायला हवे. पण पिशवीत धान्यच असते, डाळ नियमित नसते. सणाच्या ‘आनंदाचा शिधा’त किलोभर चणाडाळ आली, ती वर्षातून एखाद्या-दोनदा. तांदूळ मोफत आणि डाळ बाजारभावाने, अशी रचना असेल तर गरिबाचे ताट तांदळाकडेच झुकणार. त्याला ‘प्रथिने वाढवा’ म्हणणे सोपे, वाढवणे कठीण.

धानपट्ट्यात पूर्वी धुऱ्यावर तूर आणि धान निघाल्यावर बांधीतील ओलीवर चणा घेतला जाई. आजही अनेक शेतकरी घेतात. ही डाळ स्थानिक पातळीवर खरेदी करून रेशन दुकानात दरमहा एक-दोन किलो देता आली, तर त्याचा परिणाम दवाखान्यातील गोळ्यांच्या बरोबरीने दिसू शकेल. तोवर घरात जी डाळ आहे, तिची मोठी वाटी सकाळी वाढावी आणि नाश्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे पायी चालावे. चालणाऱ्या स्नायूंना साखर लागते आणि ती ते रक्तातूनच उचलतात.