घरची शाळा आणि आपेगावची चार भावंडं



परवा अंबडच्या बाजारात एक पालक भेटले. त्यांना तीन मुलं, थोरली मुलगी सहावीत, मधला तिसरीत, धाकटा पहिलीत. म्हणाले, "सर, तिघांना शाळेतून काढून घरीच शिकवलं तर? परदेशात जुन्या पद्धतीनं शिकवतात म्हणे. पाठांतर, चांगले ग्रंथ, आणि मोठ्यानं धाकट्याला सांगायचं." मी तिथं उत्तर टाळलं. पण प्रश्न चांगला होता, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी ही जुनी पद्धत काय ते बघू. युरोपात मध्ययुगात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशा तीन पायऱ्यांनी शिकवत. १९४७ साली डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनं ऑक्सफर्डला एक भाषण दिलं आणि या पायऱ्या मुलांच्या वयाशी जोडल्या. लहानपणी पाठांतर आवडतं तेव्हा पाठ करून घ्या. पुढे मूल उलट उत्तरं द्यायला लागलं की वाद घालायला शिकवा. त्यानंतर नीट मांडायला शिकवा. आजचे घरी शिकवणारे बरेच पालक हाच धागा धरतात.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. श्रवण, मनन, निदिध्यासन हे आपल्याकडे कधीपासून आहे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. माझे आजोबा चौथी शिकलेले. अठरा रुपये किलोनं अडीच किलो मोसंबीचे किती, असं विचारलं की मी कागद शोधेपर्यंत ते पंचेचाळीस म्हणून मोकळे व्हायचे. आणि आपल्याच भागातल्या जांबचे समर्थ रामदास घ्या. दासबोधात त्यांनी अक्षर कसं काढावं, कागद, शाई, लेखणी कशी असावी यावर एक अख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. सुंदर अक्षराचा तास घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं तो एकदा वाचावाच.

आता घरच्या शाळेचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. त्याच गोदाकाठी, पैठण तालुक्यात आपेगाव. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चार भावंडांच्या घराण्याचं हे गाव. वडील संन्यास सोडून संसारात परतले म्हणून समाजानं घर वाळीत टाकलं, मुलांच्या मुंजी नाकारल्या. म्हणजे त्या काळच्या शिक्षणाचं दारच बंद. मग झालं काय? थोरला निवृत्ती धाकट्या ज्ञानदेवाचा गुरू झाला. परंपरेनं सांगितलेल्या सालांप्रमाणे दोघांत अंतर जेमतेम दोन वर्षांचं! आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

पण मंडळी, दोन गोष्टी विसरू नका. एक, त्या भावंडांनी शाळा सोडली नव्हती, त्यांना बाहेर ठेवलं होतं. घरी शिकणं ही त्यांची हौस नव्हती. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या घरात ज्ञान फक्त वरून खाली येत नव्हतं. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाची समजूत कोणी काढली? सगळ्यात धाकट्या मुक्तेनं. ताटीचे अभंग तिचेच. धाकटी बोलते आणि थोरला ऐकतो, अशी ती घरची शाळा होती. आपल्या घरात असं होतं का, हे स्वतःला विचारा.

आता माझंच सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. घरात माझी दोन मुलं आणि पुतणी, तीन इयत्ता. मला वाटलं, मी एवढा शिक्षक, हे काय अवघड आहे. पंचतंत्रातली सिंह आणि सशाची गोष्ट घेतली. पहिलीतल्यानं ती स्वतःच्या शब्दांत सांगायची. चौथीतल्यानं गोष्टीवर पाच प्रश्न काढायचे, पण उत्तर गोष्टीत सरळ सापडेल असा एकही नको. सातवीतल्या पुतणीनं ससा खोटं बोलला ते योग्य की अयोग्य यावर दोन्ही बाजूंनी लिहायचं. काय रंगला म्हणता तो तास! धाकट्यानं सिंहाची बाजू घेतली, "त्याला भूक लागली होती ना." पुतणीला तिचा निबंध फिरवावा लागला.

दीड महिना असं छान चाललं. मग माझ्या लक्षात आलं की सकाळी धाकट्यांचे पाढे पुतणीच घेते, शुद्धलेखन तीच तपासते, मधेच उठून चहाही तीच टाकते. तिचा स्वतःचा अभ्यास रात्री. आम्ही सगळे कौतुक करत होतो, "बघा किती छान शिकवते!" तिचं बीजगणित कुठं अडलंय हे मात्र मला दोन महिने कळलं नाही. मी गणिताचा शिक्षक आहे, आणि ती माझ्याच घरात होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पद्धत घ्या, शाळा सोडू नका. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, हे खरं. पण मधल्या वर्षांचं काय? ज्या घरात आई-वडील दोघंही दिवसभर शेतात, तिथं घरची शाळा म्हणजे थोरल्या मुलीनं सांभाळलेली पोरं, दुसरं काही नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे दरवर्षी दिसतं. कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली मुलगी शाळेच्या पटावर सहावीत असते.

एक-दोन शिक्षकी शाळेतल्या मित्रांनो, तुम्हाला तर वेगळं सांगायला नको. चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसणारे आपण रोज हेच करतो. फक्त चार पुस्तकं चार कोपऱ्यांत वाटून देतो आणि दमतो. एकच गोष्ट चौघांना देऊन बघा. मोठ्यांना धाकट्यांजवळ बसवा, पण वीस मिनिटंच, घड्याळ लावून. आणि आठवड्यातून एकदा धाकट्यांनी मोठ्यांना प्रश्न विचारायचे.

त्या पालकांना मी रविवारी घरी बोलावलं आहे, तिन्ही मुलांना घेऊन. आधी थोरलीशी बोलणार आहे.